शंभर टक्के निकाल आणि पटावरून पुसलेली पोरे



आपल्या पत्राचा वाचक नांगर धरणारा, ऐरण ठोकणारा, चाक फिरवणारा, माग चालवणारा आहे. एके काळी त्याच्या घरात अक्षर शिरू दिले जात नव्हते. आज त्याचे पोर गावच्या किंवा शेजारगावच्या माध्यमिक शाळेत जाते, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु त्या शाळेची कोणती बातमी आपल्या कानी येते आणि कोणती येऊ दिली जात नाही, याचा विचार त्याने अद्याप केलेला नाही. तो त्याने करावा म्हणून हा मजकूर. आम्ही पंडित नाही. अध्यापक विद्यालयातून डी. एड. होऊन वीस वर्षे खेड्यातल्या प्राथमिक शाळेत मुळाक्षरे गिरवून घेणारे मास्तर आहोत. भाषा ओबडधोबड वाटल्यास वाचकांनी भाकरीकडे पाहावे, परातीकडे पाहू नये.

डिसेंबर-जानेवारी आला की माध्यमिक शाळांतून स्नेहसंमेलनांचा हंगाम सुरू होतो. मांडव पडतो, भोंगे लागतात, रस्त्यावर फ्लेक्स चढतो. फ्लेक्सवर पाहुण्यांची तोंडे सुपाएवढी आणि गुणवंत मुलांची सुपारीएवढी! पाहुणे दोन तास उशिरा येतात. तोवर लेझमाची पोरे उन्हात उभी. मग हार, शाल, श्रीफळ. मग मुख्याध्यापक वार्षिक अहवाल वाचतात. अमक्या दात्याने पंखे दिले, तमक्याने पाण्याची टाकी दिली, कबड्डीचा संघ तालुक्याला गेला, वक्तृत्वात उत्तेजनार्थ बक्षीस आले, आणि शेवटी, आवाज चढवून, "यंदाही आपल्या शाळेने शंभर टक्के निकालाची परंपरा राखली आहे." मांडव टाळ्यांनी दणाणतो. आमचा शेतकरी, सुतार, कुंभार, परीटही टाळ्या वाजवतो.

नाच, नाटुकली, लेझीम यांवर आमचा राग नाही. कष्टकऱ्याच्या पोराला वर्षातून एक दिवस चार माणसांसमोर उभे राहता येते, त्याची आई पदर सावरून पुढच्या रांगेत बसते, हे चांगलेच आहे. आमचे भांडण त्या शेवटच्या एका वाक्याशी आहे.

वाचकहो, शंभर टक्के म्हणजे किती पोरे? समजा, एका शाळेत आठवीच्या पटावर साठ नावे होती. दोन वर्षांनी दहावीच्या परीक्षेस एक्केचाळीस बसली आणि एक्केचाळीसच्या एक्केचाळीस उतरली. झाला शंभर टक्के निकाल! उरलेली एकोणीस पोरे कोठे गेली? ती अहवालात नाहीत, फ्लेक्सवर नाहीत, फळ्यावर नाहीत. जणू ती जन्मासच आली नव्हती. शेतकरी दादा, तू साठ ओळी पेरल्यास आणि एक्केचाळीस उगवल्या, तर "पीक शंभर टक्के आले" असे म्हणतोस काय? बियाणे उगवले नाही तर तू दुकानदाराच्या उंबऱ्यावर जाऊन बसतोस, कृषी खात्याकडे अर्ज करतोस, पंचनामा मागतोस. बियाण्याच्या पिशवीचा तू जाब मागतोस आणि पोटच्या पोराची ओळ नांगी पडली तर टाळ्या वाजवतोस! हा कोठला हिशेब?

हा हिशेब एकट्या गावच्या शाळेचा नाही. तो वरपासून असाच आहे. राज्य शिक्षण मंडळ टक्केवारी काढते ती परीक्षेस बसलेल्यांवर. २०२४ च्या मार्चमधील दहावीच्या परीक्षेस राज्यात १५,६०,१५४ नियमित विद्यार्थ्यांनी नावे नोंदवली. प्रत्यक्ष बसले १५,४९,३२६. उत्तीर्ण झाले १४,८४,४३१. निकाल जाहीर झाला ९५.८१ टक्के. म्हणजे फॉर्म भरलेली, फी भरलेली १०,८२८ पोरे परीक्षेच्या बाकावर आलीच नाहीत आणि टक्केवारीतून आपोआप गळाली. एखाद्या मोठ्या गावाची सारी माणसे एका सकाळी नाहीशी व्हावीत आणि वर्तमानपत्राने "गावात सर्व खुशाल" असे छापावे, तसा हा प्रकार. बरे, ही निदान नाव नोंदवलेली तरी होती. ज्यांचे नाव फॉर्मपर्यंतच पोचले नाही, जी आठवीतून नववीत आणि नववीतून दहावीत येताना गळाली, ती या आकड्यांतही नाहीत.

आता ही पोरे गळतात कशी ते पाहू. काही आपण होऊन गळतात, हे खरे. त्याचा विचार पुढे करू. पण काही गळवली जातात. मोठ्या परीक्षेचा निकाल मंडळाच्या हाती. नववीचा निकाल शाळेच्या हाती. चाळणी लावावयाची ती येथेच लावतात. नववीचा निकाल लागला की बापाला शाळेत बोलावणे जाते. "या तात्या, बसा. पोरगं गुणाचं आहे, पण दहावी त्याला झेपायची नाही. उगाच वर्ष कशाला घालवता? दाखला काढून न्या. सतरा नंबरचा फॉर्म भरा. घरी बसून अभ्यास करील, परीक्षा देईल. तुमचंही काम होईल." तात्या बिचारा टोपी हातात घेऊन उभा. तो म्हणतो, "सर, तुमी म्हणाल तसं." अंगठा उठतो अगर सही होते, दाखला खिशात पडतो, आणि शाळेच्या शंभर टक्क्यांतला एक खडा निघतो. सगळ्याच शाळा असे करतात असे आम्ही म्हणत नाही. कच्च्या पोरांस रात्री शाळेत बसवून, कंदिलाने नाही तरी स्वतःच्या गाडीच्या दिव्याने घरी पोचवणारे मुख्याध्यापक आम्ही पाहिले आहेत. त्यांच्या पायांवर डोके ठेवावे. पण जेथे हे चालते तेथे ते सर्वांस ठाऊक असते आणि कोणी बोलत नाही.

हा सतरा नंबरचा फॉर्म मुळात वाईट नाही. ज्याची शाळा पूर्वीच सुटली, जो कामाला लागला, जी लग्न होऊन सासरी गेली, त्यांना खाजगी विद्यार्थी म्हणून परीक्षेस बसता यावे म्हणून मंडळाने ही वाट ठेवली आहे. ती दयेची वाट आहे. पण बाहेर राहिलेल्याला आत घेण्यासाठी जे दार केले, त्याच दाराने आत बसलेल्याला बाहेर लोटावयाचे, याला काय म्हणावे? मंडळ नियमितांचा निकाल निराळा सांगते, खाजगीचा निराळा. खाजगीत गेलेले पोर नापास झाले तर शाळेच्या अंगाला डाग नाही. पास झाले तर फ्लेक्सवर त्याचे तोंड घ्यायला हीच शाळा मोकळी!

आणि गंमत पाहा. हेच पोर शाळेला एके दिवशी फार हवे असते. शिक्षकांची पदे मंजूर होतात ती पटावरच्या डोक्यांवर. पट कमी पडला तर शिक्षक अतिरिक्त ठरतो. म्हणून जूनच्या आधी गुरुजी वाड्या-वस्त्या धुंडाळतात, आईबापांची मनधरणी करतात, "आमच्याच शाळेत घाला" म्हणून चहा पितात. पट मोजताना प्रत्येक डोके मोलाचे. निकाल मोजताना तेच डोके जड! जत्रेत बोकड मोलाचा का असतो हे आपणा सर्वांस ठाऊक आहे.

वाचकहो, नापास होणे ही लाज नाही. उलट पोराला दहावीत नापास होण्याचा हक्क आहे, असे आम्ही ठासून म्हणतो. हसू नका. जो नियमित म्हणून दहावीस बसला आणि पडला, त्याला २०१५ पासून त्याच वर्षी, निकालानंतर थोड्याच दिवसांत पुरवणी परीक्षा देता येते. एक-दोन विषय राहिले तर अकरावीत बसता येते. म्हणजे दहावीत पडलेल्याला हात देण्याची काही सोय आहे. पण नववीतच ज्याच्या हाती दाखला दिला, त्याला काय आहे? ना वर्ग, ना शिक्षक, ना वाचनालय, ना एस. टी. चा पास. आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा उतरून नववीपासून वर्षाला १२,००० रुपये मिळवणारे एखादे हुशार पोर असले, तरी शाळा सुटली की तेही गेले. दहावीत पडलेला पायरीवरून पडतो. नववीत काढलेला जिन्यावरच चढू दिला जात नाही.

येथे कायद्याचा एक खड्डा आहे, तो आपल्या लोकांनी नीट समजून घ्यावा. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी, म्हणजे पहिली ते आठवीपर्यंत. शाळेतला भात-आमटीचा आहार आठवीपर्यंत. फुकट पुस्तके आठवीपर्यंत. फुकट गणवेश आठवीपर्यंत. शाळा व्यवस्थापन समितीत तीन हिस्से पालक असावेत हे बंधनही त्याच कायद्याचे. आठवी सुटली की हे सारे एका दिवसात सुटते. दुसऱ्या बाजूला बालमजुरीचा कायदा पाहा. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवण्यास बंदी केली; चौदा ते अठरा वयाच्या पोराला मात्र बंदी आहे ती केवळ धोक्याच्या कामांची. म्हणजे ज्या दिवशी शाळेचा भात बंद होतो, त्याच दिवशी कामाचे दार उघडते. नववीचा वर्ग हा असा दोन बांधांमधला ओघळ आहे. येथे पोर घसरले की थेट खाली.

खाली म्हणजे कोठे? बीड, अहिल्यानगरकडच्या ऊसतोड्यांना विचारा. दिवाळीच्या पुढेमागे टोळ्या कारखान्याकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. शाळेचे अर्धे वर्ष फडातच जाते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे मुकादमाच्या वहीत एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. नववीतून काढलेला पोरगा शाळेच्या पटावरून निघतो आणि मुकादमाच्या वहीत अर्धा कोयता म्हणून चढतो. त्याच्या नावावर उचल मिळते, घरचे कर्ज थोडे हलके होते, आणि पुढच्या वर्षी त्याचा कोयता पुरा करावा म्हणून कोणाची तरी पोर पाहतात. ती पोरही कोठल्यातरी शाळेच्या नववीतूनच सुटलेली असते. मुलीचे लग्न अठरा वर्षांपूर्वी करू नये असा २००६ चा कायदा आहे. चौदा ते अठरा या चार वर्षांत तिच्याभोवती एकच कुंपण असते, ते म्हणजे शाळेचे. "सध्या ती शिकते आहे" या तीन-चार शब्दांवर आई पाहुण्यांना परत पाठवू शकते. दाखला हाती आला की आईच्या तोंडचे तेवढे शब्दही गेले.

आमच्या हाताखालून गेलेली कुंभाराची एक मुलगी होती. अक्षर मोत्यासारखे, गणित मात्र कच्चे. नववीत गणिताने अडली आणि तिचा दाखला घरी आला. "घरी बसून परीक्षा देईल" म्हणाले. घरी बसली ती कोठे? पहाटे माती मळणे, दिवसा धाकट्यांना सांभाळणे, संध्याकाळी आव्याची राखण. परीक्षेला बसली नाही. वर्षाच्या आत लग्न झाले. तिची शाळा त्या वर्षी शंभर टक्क्यांत आली. तो निकाल ज्या दिवशी फळ्यावर लागला, त्या दिवशी तिचे नाव कोणत्याही फळ्यावर नव्हते.

यावर चार आक्षेप येतील. ते आम्ही ऐकून आहोत.

पहिला आक्षेप असा की, "तुम्ही प्राथमिकवाले कच्ची मुले वर ढकलता आणि निस्तरायचे आम्ही." कच्चे कोणी ठेवले याचा निवाडा केव्हाही करू, त्यासाठी चावडीवर यावयास आम्ही तयार आहोत. पण मडके कच्चे आहे म्हणून कुंभार ते आव्याबाहेर फेकून देतो काय? कच्चे आहे म्हणूनच तर ते आव्यात घालतात! भाजून निघालेलीच मडकी हवी असतील तर आव्याचे काम काय, आणि कुंभाराचे तरी काय?

दुसरा आक्षेप असा की, "निकाल घसरला की वरून विचारणा होते, संस्थाचालक बोलतात." होत असेल. पण वरच्याचा राग खालच्या पोरावर काढणे हा न्याय कोणत्या ग्रंथात आहे? संस्थेने विचारले तर मुख्याध्यापकाने ताठ मानेने सांगावे की, साठ घेतली, अठ्ठावन्न परीक्षेस बसवली, पन्नास उतरली, आठांची पुरवणीची तयारी चालू आहे. असा निकाल आम्ही शंभर टक्क्यांहून थोर मानू.

तिसरा आक्षेप, "आईबापच पोरांना फडावर नेतात, शाळा काय करणार?" खरे आहे, पोट नेते. पण ज्याला पोट नेते त्याला थांबवणे आणि ज्याला पोटही नेत नव्हते त्याला आपण होऊन दार दाखवणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. आणि पोट नेते म्हणून ओरड करावयाची तर आधी ती पोरे मोजली पाहिजेत. ज्यांची गणतीच नाही त्यांच्यासाठी वसतिगृह कोण मागणार? आठवीपुढचा भात कोण मागणार? अहवालात "सर्व उत्तम" लिहिले की सरकारही "सर्व उत्तम" म्हणून स्वस्थ झोपते.

चौथा आक्षेप सर्वांत खरा आहे, आणि तो आपणा पालकांवर आहे. "पालक निकाल पाहूनच शाळा निवडतात" असे ते म्हणतात. होय. आपणच टक्का पाहतो, पट पाहत नाही. दुकानदार गिऱ्हाइकाच्या आवडीचा माल ठेवतो. माल बदलावयाचा तर गिऱ्हाइकाने आधी डोळे उघडले पाहिजेत.

आता ही शाळा कोणाची, हेही एकदा सांगितले पाहिजे. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले. सरकारचा खजिना भरतो तो रयतेच्या घामाने, आणि त्यातून शिकतात ते वरचे, हे त्यांचे मुख्य गाऱ्हाणे होते. पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह उघडले, १९४० साली तेथेच पहिले मोफत निवासी हायस्कूल सुरू केले. त्या वसतिगृहातील पोरांचे पोट भरावे म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे सोने मोडले. बायाबापड्यांनी मूठमूठ धान्य घातले, गावोगावच्या लोकांनी दगड-माती वाहून भिंती उभ्या केल्या. लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले ते हुशार पोरे निवडून टक्का वाढवण्यासाठी नव्हेत. ज्याला कोणी घेत नाही त्याला घ्यावे, उपाशी असेल तर आधी जेवू घालावे आणि मग शिकवावे, हा त्यांचा धर्म होता.

पूर्वी शाळेच्या दाराशी दुसरे कोणी उभे होते आणि "तुमच्या जातीला विद्या नाही" म्हणून सांगत होते. त्यांच्याशी आपण भांडलो. आज पुष्कळ ठिकाणी संस्थेच्या खुर्चीवर आपलाच भाऊबंद आहे, मुख्याध्यापक आपल्यातला आहे, पाहुणा आपल्यातला आहे. तोच आता दाराशी उभा राहून म्हणतो, "तुमच्या पोराला दहावी झेपत नाही." शब्द बदलले, दार तेच! दुसऱ्याने लोटले तेव्हा आपण वर्तमानपत्रे काढली; आपल्याने लोटले तर काय टाळ्या वाजवावयाच्या? नाते आहे म्हणून गप्प बसणे ही नात्याशीही बेइमानी आहे. भाऊ चुकला तर भावाने सांगितले पाहिजे, नाहीतर शेजारी हसतो.

करावयाचे काय? मोर्चा नको, दगड नको. एक कागद आणि एक तोंड पुरे आहे.

पहिली गोष्ट. येत्या संमेलनात किंवा पालकांच्या सभेत अहवाल वाचून झाला की एका पालकाने उठून नम्रपणे तीन प्रश्न विचारावेत. दोन वर्षांपूर्वी आठवीच्या पटावर किती मुले-मुली होत्या? त्यांतील किती जणांनी आपल्या शाळेतून नियमित म्हणून दहावी दिली? उरलेल्यांपैकी किती दुसऱ्या शाळेत गेली, किती सतरा नंबरला गेली, आणि किती कोठेच गेली नाहीत? नावे विचारू नयेत. कोणाच्या पोराची लाज काढावयाची नाही. आकडे विचारावेत.

दुसरी गोष्ट. तोंडी उत्तर मिळाले नाही तर माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आहे. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या शाळेची माहिती त्या कायद्याने मागता येते. साध्या कागदावर अर्ज, दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट, तीस दिवसांत उत्तर. दहा रुपयांत हल्ली चहाही धड मिळत नाही. येथे गावाच्या पोरांचा हिशेब मिळतो.

तिसरी गोष्ट. नववीनंतर दाखला काढण्यास कोणी सांगितले तर सही करू नका. "आमचे पोर याच वर्गात पुन्हा बसेल, पण शाळेतच बसेल," एवढे म्हणा. शाळेने आपण होऊन लिहून द्यावे की आम्ही याला काढतो. बघा, किती जणांची लेखणी उठते ती!

चौथी गोष्ट मुख्याध्यापकांस. आपण आमचे थोरले बंधू आहात. अहवालात एक नवी ओळ घाला: "आठवीत इतकी आली, दहावीपर्यंत इतकी टिकली, इतकी गेली, त्यांना परत आणण्यासाठी आम्ही हे केले." ज्या शाळेचा अहवाल असा वाचला जाईल, तिचा टक्का सत्तर असो की साठ, तिच्या मांडवात आम्ही सर्वांत आधी टाळी वाजवू.

शेतकरी संध्याकाळी गोठ्यात जनावरे बांधताना एकेक दावे हाताने चाचपतो. एक वासरू कमी भरले तर तो जेवायला बसत नाही. काठी आणि कंदील घेऊन शिवारात निघतो. आपल्या गावच्या शाळेने निदान इतके तरी करावे. रात्र पडण्यापूर्वी दावी मोजावीत.

— एक खेडवळ मास्तर